काजूच्या सावलीतला चार

माझ्या धाकट्या जावेचं काजूचं झाड रोज सकाळी मला दिसतं आणि रोज सकाळी माझ्या पोटात दुखतं. मुर्री गावातल्या आमच्या अंगणात, विहिरीला लागून, ते असं पसरलंय की नजर चुकवायची म्हटलं तरी चुकत नाही.

माझं माहेर चिचगडकडचं. तिथल्या जंगलात चाराची झाडं कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात काळी-जांभळी बारकी फळं लागतात. गर चोखायचा, बी थुंकायची. तीच बी फोडली की आतून चारोळी निघते, जी तुम्ही बासुंदीत घालता. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा एकच हट्ट होता, या अंगणात माझ्या माहेरचा चार उभा राहिला पाहिजे. तीनदा रोपं आणली, मातीच्या गोळ्यासकट, एसटीत मांडीवर धरून. भर उन्हातली चांगली मोकळी जागा दिली, शेणखत घातलं, काट्यांचं कुंपण केलं. तिन्ही वाळली.

"जंगलातलं झाड हाय वो ते, घरी काऊन राहील?" सासूबाई म्हणाल्या.

दीर रत्नागिरीकडे नोकरीला होता, तिथूनच त्यानं बायको आणली. तिच्या बॅगेत काजूच्या बिया होत्या. मी मनात हसले. आमच्या मे महिन्यात माणसं वाळतात, तिथे हिचा समुद्रकाठचा काजू काय टिकणार! टिकला. नुसता टिकला नाही, तिसऱ्या वर्षी मोहरला. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. सासूबाई येईल त्या बाईला सांगत, "लहानीच्या हाताले गुन हाय." मोठीच्या हाताला काय आहे, ते न सांगताच सगळ्यांना कळलं.

मग मी लेकीच्या मोबाइलवर शोधून काढलं. काजू मुळात कोकणातला नाहीच! ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी जहाजातून आणलेला. जेवताना मी हे सगळ्यांच्या ताटात वाढलं. मिरची, पेरू, पपई, हेही तिकडचेच, असंही ऐकवलं.

सासूबाईंनी ठेच्याला बोट लावून चाटलं. "आला असंन कुठूनबी. लागला ना? काऊन वो, जळून राहिली काय तू?"

जळतच होते. सातासमुद्रापलीकडचं झाड माझ्या अंगणात पोटभर फळतं आणि दोन बस बदलल्या की येतं त्या गावचं झाड जगत नाही, हा कुठला न्याय?

त्याच उन्हाळ्यात, दुपारी घर झोपलेलं असताना, मी एक काजू तोडला आणि चाराच्या बीसारखा दाताखाली धरून फोडला. आमच्या माहेरी बी फोडायची ती दातांनीच. सालीतला चीक ओठांना लागला आणि ओठ भाजून भज्यासारखे फुगले. चोरी तोंडावरच लिहिलेली. जावेनं खोबरेल तेल आणून दिलं. "ताई, तो भाजून फोडायचा असतो हो," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की तो आवाज चिकापेक्षा जास्त झोंबला.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाजारातून दोन द्रोण भरून चाराची फळं आणली आणि मुद्दाम तिच्या काजूखाली बसून खाल्ली. एकेक बी तिच्या झाडाच्या बुंध्यावर थुंकली. बरं वाटलं.

श्रावणात तण काढायला वाकले, तर पाचोळ्यातून एक रोप वर आलं होतं. चाराची पानं मी झोपेतही ओळखीन. तोंडावर पदर धरला, नाहीतर ओरडले असते. माहेरच्या जंगलातही चाराची पोरं मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढतात, हे लहानपणापासून बघितलेलं. तीन रोपं उन्हात मारताना तेवढं आठवलं नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, लहानीच्या सावलीलेबी गुन हाय.

या दिवाळीत दिरानं गाडी घेतली. "काजू तोडून टाकू, तिथं शेड टाकू," तो जेवताना म्हणाला. जाऊ खाली मान घालून भात चिवडत राहिली.

"त्या झाडाले हात लावून तं पाहा!" मी म्हणाले. "उद्यापासून रांधत नाई मी."

दीर बघतच राहिला. "वहिनी, तुमाले तं ते झाड डोळ्यासमोर नको होतं ना?"

मी त्याला भात वाढला. झाड राहिलं.

जेवणं आटोपल्यावर जाऊ विहिरीपाशी माझ्यामागे आली आणि माझा हात धरून रडायला लागली. "ताई, मला वाटायचं तुम्हाला माझं काहीच बघवत नाही."

खरंच बघवत नाही. पण माझं लक्ष तिच्या पायाकडे होतं.

"पाय जपून ठेव वो," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसून खाली बघितलं. "हे कसलं रोप, ताई?"

"तन हाय," मी म्हणाले. "उपटू नको."