सुई कोणाची?

“दोन्ही हात दाखवा!”

आमच्या मोठ्या सिस्टर वॉर्डात शिरल्या की पहिलं वाक्य हेच. पेशंट बिचारा सलाइनचा हात पुढे करायचा. “दुसरा काय गहाण टाकलाय?” मग बाजारात वांगी निवडावीत तसे त्या दोन्ही हात शेजारीशेजारी ठेवून दाबून बघायच्या.

तुम्ही कधी सलाइन लावून घेतलं असेल तर ठाऊक असेल, सुई शिरेतून सरकली की पाणी कातडीखाली साचतं. हात फुगतो, गार पडतो, ठणकतो. औषध तिखट असेल तर कातडी जळते. म्हणून ते वेळेत सांगावं लागतं. पण सांगताना आम्हा नर्सांची जीभ अडखळते, कारण सुई आपल्यातल्याच कोणीतरी टोचलेली असते.

त्यावर सिस्टरांनी आमच्या धुळ्याच्या दवाखान्यात एक रीत पाडली होती. सुजलेला हात दिसला की वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून त्या विचारत, “सुई कोणाची?” जिची असेल तिने सगळ्यांदेखत म्हणायचं, “माझी.” असं म्हणणारीला त्या कधी रागावल्या नाहीत, उलट चहा पाजायच्या. गप्प बसणारीची मात्र धडगत नसे.

एकदा साक्रीकडचे एक आबा भरती झाले. अंगाने काडी. सिस्टर म्हणाल्या, “आबा, दोन्ही हात दखाडा.” आबांनी एकच हात काढला.

“दुसरा बी.”

“राहू द्या ना, सिस्टर.”

पांघरूण ओढलं, तर हात पुरीसारखा फुगलेला. आबा मात्र खूश. “दखा, कसा भराई राहिना! बठ्ठी ताकद याच हातमा उतरनी!” सिस्टर बाटली काढतील आणि आलेली ताकद परत जाईल, म्हणून त्यांनी हात लपवला होता.

“आबा, ती ताकद नही, पानी शे!” सिस्टरांनी सलाइन बंद केलं, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला. सूज वाढली तर कळावी म्हणून तिच्याभोवती बॉलपेनने निळी रेघ ओढली.

“ही काय शे?” आबा.

“गावनी शीव. आते बाहेर जावानं नही.”

डॉक्टर आले तेव्हा सिस्टरांनी मोठ्याने विचारलं, “सुई कोणाची?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “माझी!” मग स्वतःसाठीच चहा मागवला. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो.

निवृत्त झाल्यावर त्या न्यूमोनिया घेऊन आमच्याच वॉर्डात आल्या. मी आता त्यांच्या जागी होते. म्हटलं, “दोन्ही हात दाखवा.”

त्यांनी एकच काढला.

“दुसरा काय गहाण टाकलाय?”

शालीखालचा हात चांगलाच सुजला होता. त्या चोरासारखं हसल्या. “सुई टोचणारी पोरगी आजच कामावर लागलीय गं. पहिल्याच दिवशी तिला कुठे सगळ्यांदेखत ‘माझी’ म्हणायला लावू?”

मला हसू आलं आणि रागही आला. सलाइन बंद करून सुई काढली, हात उशीवर ठेवला, रेघ ओढली आणि मधोमध जाऊन विचारलं, “सुई कोणाची?”

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. “माझी.”

“मोठ्याने बोल!” सिस्टर खाटेवरून धापा टाकत ओरडल्या. “आणि हिला चहा द्या!”

हाताची सूज उतरली, छातीचं दुखणं मात्र उतरलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात शेजारीशेजारी ठेवले. दोन्ही सारखेच बारीक होते, फक्त एकावर माझी निळी रेघ होती. ती पुसायला माझा हात काही धजला नाही.