वरच्या बंगल्यातलं बिऱ्हाड

यजमान गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्या चार वर्षांत आम्ही एका छपराखाली एकूण दीडएक महिना राहिलो असू. ते जंगल खात्यात होते. यावलच्या वर, सातपुड्यात त्यांची नेमणूक होती. आणि मी भडगावला, सासू-सासऱ्यांजवळ. दिवाळीला चार दिवस आणि उन्हाळ्यात आठवडाभर ते घरी यायचे. भरल्या घरात नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती. पाण्याचा तांब्या देताना, अंथरूण घालताना जे काय बोलणं होईल तेवढंच. एकदा मी धीर करून म्हटलं, "मला तिकडे कधी नेणार?" ते खाली बघत म्हणाले, "बघू. पुढच्या साली बघू." पुढच्या सालीही त्यांनी तेच सांगितलं. मग मी विचारणं सोडून दिलं. यांना आपण नको आहोत, अशी मी मनाची समजूत करून घेतली होती.

भाद्रपदात तार आली. सासरे, म्हणजे आबा, चुलतदिरांना घेऊन लगोलग निघाले. पण तारच दोन दिवस उशिरा आली होती. यावलला कचेरीतल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. आबा अस्थी घेऊन परत आले. मला ते अखेरचे दिसलेच नाहीत. त्यामुळे माझ्या लेखी ते मेल्यासारखे वाटतच नव्हते. आणखी एक उन्हाळा ते आले नाहीत, इतकंच.

कार्तिकात कचेरीचं पत्र आलं. बंगल्याची खोली मोकळी करून द्यावी, सामानाची यादी तयार आहे, ती पाहून बायकोनं सही करून सामान न्यावं. भावकीतली माणसं म्हणाली, वर्षाच्या आत हिनं उंबरा ओलांडायचा नसतो. आबा कमी बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "सही तिनीच लागस, मनी नही." एवढं बोलून त्यांनी डोक्याला पागोटं गुंडाळलं.

पाचोऱ्यापर्यंत मोटार, तिथून जळगावपर्यंत आगगाडी, तापी ओलांडून यावल. यावलला एक रात्र काढली आणि सकाळी कचेरीनं दिलेल्या बैलगाडीत बसलो. आधी केळीचे मळे लागले, मग कपाशी, मग दगडधोंड्यांचं रान. डोंगर सुरू झाला तशी गाडी इतकी हिंदकळू लागली की मी उतरून चालू लागले. आबाही उतरले. ते पुढे, मी मागे. चढावर त्यांना धाप लागायची, की ते एखाद्या सागाला हात लावून थांबायचे. मीही दहा पावलांवर थांबायची. दुपार कलली तेव्हा बंगला दिसला.

बंगला म्हणायचं, पण ते एक लाकडी घर होतं. छातीएवढं दगडी जोतं आणि त्यावर सागाच्या सोटांच्या भिंती. कुणा गोऱ्या साहेबानं ऐंशी वर्षांपूर्वी तो बांधवून घेतला होता. चौकीदार म्हातारा, पावरा आदिवासी होता. त्याच्या आजानं ते सोट खांद्यावरून आणले होते, असं तो सांगायचा. भिंतीवर कुऱ्हाडीचे घाव अजून मोजता येत होते. पुढे ओसरी, मधे साहेब लोकांसाठी एक मोठी खोली, तिच्यात भिंतीत बांधलेली शेकोटीची जागा. येऊन गेलेल्या साहेबांनी चाकूनं आपापली नावं लाकडात कोरली होती. काहींच्या पुढे साल, काहींच्या पुढे मारलेल्या जनावराचं चित्र. वर कौलं होती, त्यांतून जागोजाग उजेडाचे ठिपके जमिनीवर पडलेले. आत शिरताच जुन्या लाकडाचा आणि धुराचा वास आला. हाच वास त्यांच्या कपड्यांना यायचा. मी उंबऱ्यातच उभी राहिले. आबांनी मागे वळून पाहिलं.

गाडीवानाला आणखी वर जाऊन बांबू आणायचे होते. तो पाचव्या दिवशी परत येणार होता. तोवर आम्हांला तिथंच राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदार आला. तो साहेबालाही 'तू'च म्हणायचा, असं मला नंतर कळलं. मलाही तो पहिल्यापासून तूच म्हणाला, आणि ते ऐकून बरं वाटलं. दोन महिन्यांत माझ्याशी सरळ तोंडाकडे बघून बोललेला तो पहिला माणूस. मी त्याला सगळं सांगायला लावलं.

"मी चार दिवस खालच्या नाक्यावर होतो, बाई," तो म्हणाला. "रस्ता वाहून गेलेला, मजूर लावले होते. माझी बायको लेकीकडे. तुझा साहेब इथं एकटा. ताप पहिल्या दिवसापासूनच असणार. त्यानं कोणाला सांगितलं नाही. मी आलो तर जमिनीवर पडलेला, डोळे लाल, मला ओळखेना."

"औषध?"

"होतं ना. कोयनेलची बाटली त्या फळीवर होती. उठून घ्यायला अंगात ताकद नको का? द्यायला माणूस पाहिजे होतं."

आबा ओसरीच्या पायरीवर बसून हे ऐकत होते. ते उठले आणि झाडांकडे निघून गेले.

सामान फारसं नव्हतंच. पत्र्याची ट्रंक, कंदील, दोन गणवेश, घोंगडी, दाढीचं सामान, टाक-दौत. यादीतली एक नोंद मात्र मला कळेना: 'जाते, नग एक'. एकट्या माणसाकडे जातं कशाला? मी चौकीदाराच्या बायकोला विचारलं. ती मला बंगल्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथं पूर्वी खानसाम्याची खोली होती. दार उघडून ती बाजूला झाली.

खोली सारवलेली होती. भिंतींच्या सोटांमधल्या फटी मातीनं लिंपून वरून चुना लावलेला. कोपऱ्यात नवी कोरी चूल. एकदाही पेटलेली नव्हती. खिडकीखाली जातं मांडलेलं. आणि भिंतीला एक फळी ठोकलेली, पण इतकी खाली की उभ्या पुरुषमाणसाच्या कपाळाला ती लागली असती.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"तुझं," ती म्हणाली. "फळी ठोकताना मला उभं करायचा. म्हणायचा, माझी बायको तुझ्याहून चार बोटं कमी आहे. मग खाली घ्यायचा." तिनं माझा हात धरून मला फळीजवळ उभं केलं. माझा हात सहज पोचला. ती बघत राहिली, आणि मग पदरात तोंड घालून रडू लागली. मी रडले नाही. मला काही समजतच नव्हतं. ज्या माणसाला मी नको होते त्यानं डोंगरावर जातं का वाहून आणावं?

उलगडा दुपारी झाला. ट्रंकेच्या तळाशी, सणाच्या धोतराखाली, तीन कार्डं होती. अक्षर आबांचं. मी चौथी शिकलेली. पत्रं वाचता यायची, पण घरी आलेली पत्रं आबांच्या कोटाच्या खिशातच राहायची आणि आम्हां बायकांना फक्त 'खुशाल शे' एवढंच कळायचं. मी ती कार्डं घेऊन खिडकीपाशी उजेडात बसले.

पहिल्यात लिहिलं होतं, सूनबाईस पाठविण्याबद्दल लिहिलेस ते कळले, तूर्त शक्य नाही. दुसऱ्यात होतं, तुझ्या आईचे गुडघे धरले आहेत, घरात दुसरे बाईमाणूस नाही, शिवाय तिकडची हवा वाईट. तिसरं ते गेले त्याच सालच्या आषाढातलं होतं. 'खोली तयार केलीस हे तू मला न विचारता केलेस. ती येणार नाही. पुन्हा लिहू नये. नोकरी सोडून घरी यावे.'

तिन्ही मी पुन्हा पुन्हा वाचली. चार वर्षं मी ज्या माणसावर मनातल्या मनात रुसले होते, तो माणूस मला मागत होता. आणि बापाविरुद्ध शब्द जाऊ नये म्हणून मला तेवढं सांगत नव्हता. त्या वेळी मी पहिल्यांदा रडले. बराच वेळ रडले.

आबा परतले तेव्हा मी ओसरीवर होते. तिन्ही कार्डं मी त्यांच्यासमोर पायरीवर ठेवली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभं राहायचं, हे अंगवळणी पडलेलं होतं. त्या दिवशी मी पदर ओढला नाही.

त्यांनी कार्डं ओळखली. उचलली नाहीत.

"मी नही धाडं तुले," ते म्हणाले. "मीच नही धाडं."

"का?"

ते डोंगराकडे हात करून म्हणाले, "मना दोन भाऊ ह्याच डोंगरमा गयात. लाकडं भराले. माघारी उनात नहीत. तापनी गयात. पोऱ्या नोकरी सोडेना. माले वाटनं, तू तरी वाचशी."

त्यांचे दोन भाऊ इथंच तापानं गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. घरात त्या भावांचं नाव कधी निघालं नव्हतं. पण माझ्या मनात चौकीदाराचं बोलणं घोळत होतं. मी म्हटलं, "आबा, खरं सांगा. मला वाचवायला ठेवलं, की घरात भाकरी टाकायला कोणी नव्हतं म्हणून?"

असा प्रश्न मी त्यांना विचारेन असं मलाही वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता ते उठतील, ओरडतील. ते हललेसुद्धा नाहीत.

"तेबी व्हतं," ते म्हणाले.

आणि थोड्या वेळानं, "तू आठे ऱ्हायती, ते तो वाचता." एवढं बोलून त्यांनी पागोटं काढलं आणि त्यात तोंड लपवलं. माझ्या सासऱ्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. केस सगळे पांढरे होते.

मी इथं राहिले असते तर ते वाचले असते, यावर मी त्यांना 'तसं काही नाही' असं म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. मी आत गेले, त्यांना पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकाला लागले. मागच्या खोलीत जाऊन ती नवी चूल मी पेटवली. राहिलेले दिवस आमचा स्वयंपाक मी तिच्यावरच केला, जात्यावर दळण दळलं. आबा रोज मागच्या खोलीच्या दारात येऊन जेवायला बसायचे. आम्ही बोलत नव्हतो. दुपारी मी जंगलात थोडं आत जाऊन बसायची. साग, धावडा, मधेच अंजन. वाळलेली पानं पडल्याचा आवाज सारखा यायचा. इथं आपण संसार केला असता, असं म्हणून मी बंगल्याकडे बघायची, आणि मग बघवत नसे.

चौथ्या दिवशी आबा जेवता जेवता म्हणाले, "तुनी मरजी काय शे आते?"

आमच्याकडे विधवा सुनेला कोणी असं विचारत नसे. तिची मर्जी हा विषयच नव्हता. माझ्या तोंडून उत्तर निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"आबा, माले शिकनं शे. मास्तरीण व्हनं शे."

त्यांनी हातातला घास खाल्ला, ताटात पाणी घातलं. "बरं," म्हणाले.

पाचव्या दिवशी बांबू भरलेली गाडी आली. यादीवर मी सही केली. जातं मी चौकीदाराच्या बायकोला दिलं. ती नको म्हणत होती, पण आणखी कोण वापरणार होतं? ट्रंक बांबूंवर बांधली आणि आम्ही उतरू लागलो. चौकीदार केळीच्या मळ्यांपर्यंत बरोबर आला. त्याच वाटेनं त्यांना बाजेवर घालून नेलं होतं.

"चौघं होतो," तो चालता चालता सांगत होता. "मधे एकदा शुद्धीवर आला. मला म्हणाला, तुझा खांदा दुखत असेल, बदल आता. मग पुन्हा काही नाही."

पहिला केळीचा मळा लागला तिथं तो थांबला. बांधाच्या कडेला बोट दाखवून म्हणाला, "इथं बाज खाली ठेवली. पाणी पाजायला. पाणी घेतलंच नाही त्यानं."

आबा गाडीतून उतरले आणि बांधावर बसले. मीही उतरले. मळ्यात पाटाचं पाणी चालू होतं, केळीची पानं वाऱ्यानं फाटलेली होती, दूरवर कोणीतरी बैलांना हाकत होतं. कोणतीही खूण नव्हती. मी तिथं जमिनीला हात लावून नमस्कार केला. त्या क्षणी मला कळलं की ते नाहीत. दोन महिने जे कळलं नव्हतं ते तिथं कळलं, आणि मी त्या मातीवरच बसले. आबांनी मला धरून उठवलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नसतो. गाडीवान आणि चौकीदार दोघांनी तोंड फिरवलं.

घरी भावकीचा विरोध झाला. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. आबांनी एका दूरच्या विधवा बहिणीला घरी आणून ठेवलं आणि जूनमध्ये स्वतः मला धुळ्याला घेऊन गेले. आधी सातवी, मग शिक्षिकांचं ट्रेनिंग. बायकांच्या वसतिगृहाच्या ओसरीवर महिन्यातून एकदा ते येऊन बसायचे, दादर ज्वारीचं पीठ आणि भरिताची वांगी ठेवायचे, अर्धा तास थांबायचे आणि मोटार गाठायचे. बोलायला आमच्याकडे फारसं नसे. "ठीक शे ना?" "शे." बस्स.

नशिराबादजवळच्या एका खेड्यात मला शाळा मिळाली, तेव्हा मी आबा आणि सासूबाई दोघांनाही माझ्याकडे आणलं. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या साली आबा गेले. शेवटचे आठ दिवस त्यांना ताप होता. मी शाळेतून रजा घेतली आणि वेळच्या वेळी औषध दिलं. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "राहू द्या आबा, माले माहीत शे." मला खरंच माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांना क्षमा केली होती का, हेही मला सांगता येणार नाही. काही दिवस केलेली असायची, काही दिवस नसायची. पण त्या दुपारी ते डोळे मिटून शांत पडून राहिले, आणि ते झोपेपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.