मोटारीच्या खोलीत झोका

मंडळी, युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून आम्ही मोटार विकली. रिकाम्या गॅरेजला खिडकी बसवून मी राहण्याची खोली केली. तेव्हापासून माझे वडील, नाना, रुसलेले. "उद्या युद्ध संपलं की नवी मोटार कुठे ठेवशील?" हा एकच धोशा.

आज आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण. माझ्या बहिणी जळगावला माहेरी आल्या. दरवर्षी जागा नाही म्हणून लगेच परतायच्या. आज त्यांनी थेट गॅरेजात ट्रंका टाकल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून छतातल्या इंजिन उचलायच्या कडीलाच झोका बांधून गाणी सुरू केली.

नाना दारात उभं राहून ऐकत होते. हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले, "मोटारले झाडखाले बी चाली. पोरीसले घर लागस."

आता तुम्हीच सांगा, खोली केली ते चुकलं का?