चिमूटभर हिंग

राजसबाईंच्या हातचं खाऊन चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधली निम्मी पोरं मोठी झाली, पण त्यांच्या सख्ख्या नातीला त्यांच्या घरात पाण्याखेरीज काही मिळत नसे. सहा वर्षांच्या लावण्याला गहू सोसत नव्हता, आणि आतडी बरी होईस्तोवर कुठलंच धान्य द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून सून स्वरदा दर रविवारी लेकीबरोबर तिचा डबाही घेऊन यायची. तो डबा पाहिला की राजसबाई पाठ फिरवून ओटा पुसायला लागायच्या. सून नाशिकची, शिकलेली, कधी वावगं बोलली नाही. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

मार्चमध्ये स्वरदा आपणहून म्हणाली, "आई, एक रविवार तुम्ही करा. तिला सोसलं, तर मेची सुट्टी ती तुमच्याकडेच राहील."

महिनाभर नात घरात राहणार म्हटल्यावर राजसबाईंनी पदर खोचला. लावण्याला वॉफल आवडतं, म्हणून त्याचं मशीन आणलं. कणकेचा डबा शेजारच्या चित्राकडे गेला, किसणी नवी आली, ओटा तीनदा घासून झाला. नवरा प्रतापसिंह आठवडाभर पोळीवाचून राहिले, तेही मुकाट्याने. रताळ्याचा कीस, पनीर, ओलं खोबरं, अंडं, मिरपूड, कढीपत्ता. पहिली तीन वॉफलं मशीनला चिकटून फाटली. चौथं सोनेरी, अख्खं निघालं.

पण चव लागेना. कशी लागणार? त्यात हिंग नव्हता. राजसबाईंचं सासर तंजावरकडच्या जुन्या मराठ्यांचं, तिथे हिंगावाचून तिखटमिठाचं पान हलत नसे. सासूबाई तर एकादशीच्या रताळ्यालाही हिंग लावायच्या. "हिंग म्हणजे झाडाचा चीक. त्यानं कसला उपास मोडतो?" हे त्यांचं शास्त्र, आणि राजसबाईंनी ते चाळीस वर्षं पाळलेलं. त्यांनी चिमूटभर हिंग घातला.

रविवारी लावण्याने तीन वॉफलं संपवली आणि "इन्नोन्नु, आजी," असं तमिळमध्ये म्हणून चौथं मागितलं. राजसबाईंना आभाळ ठेंगणं झालं. डबा तसाच बंद राहिला.

चार वाजता पोर ओकली. मग पोट धरून रडत राहिली. तिला आजोबांच्या मांडीवर देऊन स्वरदा स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबी उलटून वाचू लागली. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

"हिंगांत गहूं कशास गो घालतात?" राजसबाईंनी विचारलं.

"नुसता हिंग फार उग्र असतो, आई. पिठात मळतात. तुमची चूक नाही."

चूक नाही म्हणाली, पण मेचं नाव तिने काढलं नाही. राजसबाईंनीही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं? त्यांना सासूबाईंचा संताप आला. मेलेल्या माणसावर चिडून काय मिळणार, हे कळत होतं तरी आला. चाळीस वर्षांच्या एकादश्या पिठात गेल्या त्याचं देव बघून घेईल. पोरीच्या पोटाचं काय?

पुढच्या रविवारी डबा पुन्हा आला. लावण्याने मशीनवरचं फडकं ओढलं. "आजी, हे कर ना. अम्मा करते त्याला वासच नाही."

हिंग टाळून करता आलं असतं. पण आता राजसबाईंना मिठाचीही भीती वाटू लागली होती.

"मशीन बिघडलं गो, बाळ," त्या म्हणाल्या.

स्वरदाने मान खाली घालून डब्याचं झाकण उघडलं.