खडूसकाकांचे संदेश

ऑफिसातले प्रोग्रामर त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे खडूसकाका. ऑफिसने वाचनालयासाठी बनवलेल्या यंत्रात कुणी काही चुकीचं भरलं की पडद्यावर काय उमटावं, ते काकाच लिहीत. "नुसतं ‘क्षमस्व’ लिहा हो काका," असं पोरं विनवायची. काका उसळायचे, "चूक त्याची आणि माफी मी मागू?"

निवृत्तीनंतर वर्षभराने काका सभासद व्हायला त्याच यंत्रासमोर उभे राहिले. चष्मा खिशातच ठेवून जन्मतारीख त्यांनी अंदाजानेच दाबली. पडद्यावर आलं, "वर्षाला महिने बाराच असतात. चष्मा लावा आणि पुन्हा भरा."

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. काकांचं डोकंच फिरलं. हे कुणी लिहिलंय, म्हणून ते ओरडणार, तेवढ्यात त्यांना ओळख पटली. वाक्य त्यांचंच होतं. पोरांनी त्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. काकांना अगदी भरून आलं, पण ऐकून घेणं काही रक्तात नव्हतं. डोळे बारीक करून त्यांनी पुन्हा तारीख दाबली.

"अजून लावला नाहीत ना?" पडद्यावर उमटलं.

"लावतो रे बाबा," म्हणत काकांनी खिशातून चष्मा काढला.