वाचनालयाचा सर्व्हर बंद पडला तेव्हा

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला सर्व्हरची गोष्ट सांगितली. ती इतकी रंगवली की सर्व्हर त्यांनीच दुरुस्त केला असं तुम्हाला वाटलं, आणि धाकटीने तर टाळ्याही वाजवल्या. माझे हात कणकेत होते, म्हणून मी मध्ये बोलले नाही. पण ती गोष्ट माझी आहे आणि मला तिचा अभिमान आहे, तेव्हा घडली तशी लिहून पाठवते. तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं, हे लक्षात ठेवून लिहिते आहे.

गिरगावच्या आमच्या चाळीतलं तळमजल्यावरचं वाचनालय तुम्ही पाहिलं आहे. थोरल्या, तिथल्याच शिडीवरून तू पडला होतास. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा बिऱ्हाडं पांगणार हे ठरलेलंच होतं. कोणी परळला घर बघत होतं, कोणी दादरला, कोणी अँटॉप हिलला. माणसांना भाड्याची घरं मिळणार होती, वाचनालयाला मात्र खोली नव्हती. कार्यकारिणीतल्या बहुतेकांचं म्हणणं, पुस्तकं कोकणातल्या एखाद्या कॉलेजला देऊन टाकू. टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं. एकेक कपाट एकेका सभासदाच्या नव्या घरी ठेवायचं आणि देवघेव चालू ठेवायची.

"काकू, कुठलं पुस्तक कुणाच्या घरात आहे, ते कुणाला आठवणार?" सचिवांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला," मी म्हटलं.

ठणकावून सांगितलं खरं, पण तेव्हा मला एक्सेलच्या पलीकडे काही येत नव्हतं. दिवाळीआधीच्या सभेत करून दाखवा, नाहीतर टेम्पो, असं ठरलं.

मी, दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण आणि तिची सून, अशा तिघी कामाला लागलो. आधी एक्सेलच केलं. प्रत्येकीकडे आपापली फाइल, व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे. श्रावण संपेपर्यंत तीन वेगवेगळी वाचनालयं तयार झाली आणि त्यातलं खरं कुठलं ते कुणालाच सांगता येईना. शेवटी सून म्हणाली, "काकू, आपल्याला डेटाबेस सर्व्हर लागेल. माहिती एकाच कॉम्प्युटरवर राहील आणि आपण तिघी आपापल्या घरून तिथेच लिहू." तो एक कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या बाबाने मला घेऊन दिलेला डेस्कटॉप. नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघत मी त्यावर सर्व्हर बसवला. पहिल्यांदा पासवर्ड चुकला, दुसऱ्यांदा फायरवॉलने मैत्रिणीला बाहेरच उभं ठेवलं. पण बसला. गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि दसऱ्यापर्यंत सगळी कपाटं त्यात आली.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुझं ते उघडत नाहीये."

माझ्याकडेही उघडेना. सर्व्हर सुरू करायला गेलं की सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. दुसरीकडे प्रत ठेवायची असते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिघींची सगळी मेहनत त्या एका पेटीत होती.

आजोबा बाजूला पेपर वाचत होते. "काढून टाक आणि परत घाल. मिक्सरचं भांडं बसत नाही तेव्हा करतो तसं."

"आणि काढताना आतली पुस्तकंही गेली तर?"

"मग मुलाला फोन लाव."

"तिथे आत्ता रात्र आहे, माणसं झोपलीत."

"मग सचिवांना सांग, सभा पुढे ढकला."

सभा पुढे गेली असती तर टेम्पो आधी आला असता.

विम्याच्या ऑफिसात रेकॉर्ड विभागात मी अख्खी नोकरी काढली. तिथे आमच्या साहेबांची एक शिस्त होती: पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही. सर्व्हरही पत्रं लिहितो. काय केलं, काय जमलं नाही, हे तो एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल मी उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. इंग्रजी अगदी साधं होतं. अमुक नावाचा फोल्डर उघडता येत नाही, कारण तसा फोल्डरच नाही.

काल तर सगळं चालू होतं. मग फोल्डर गेला कुठे? मी चष्मा काढून आजोबांकडे पाहिलं.

"अहो, काल मी हिंदमाताला कापड घ्यायला गेले होते तेव्हा तुम्ही या कॉम्प्युटरवर बसला होतात?"

"बसलो होतो ना. दिवाळीची साफसफाई केली."

"म्हणजे काय केलंत?"

"तू काळजी करू नकोस. कामाचं काही टाकलं नाही. एकेक उघडून बघितला आणि रिकामे तेवढे फोल्डर काढले. तो सारखा विचारत होता, नक्की का, नक्की का. मी म्हटलं, हो बाबा, नक्की."

"रिसायकल बिनमध्ये असतील मग."

"तोही रिकामा केला. कचरा काय घरात साठवायचा?"

रागावणार कशी? एका खोलीत संसार केलेली माणसं आम्ही. रिकामा डबा, रिकामं खोकं आमच्या घरात कधी टिकलंच नाही. एक तर भरायचं, नाहीतर बाहेर काढायचं. आजोबांनी चाळीतल्या खोलीचा नियम कॉम्प्युटरला लावला होता. मलाही आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर, टाका, असंच मी म्हटलं असतं.

पण लॉग स्पष्ट सांगत होता की सर्व्हरला तो फोल्डर हवा आहे. आत काही असो वा नसो, जागेवर हवा. म्हणून मी त्याच नावाचा नवा फोल्डर तयार केला, रिकामाच, आणि सर्व्हर सुरू केला. तो पुन्हा बंद पडला. आजोबा म्हणाले, "बघ, नाही ना?" मी पुन्हा लॉग उघडला. तक्रार तीच होती, पण नाव दुसरं. तेव्हा मला जो आनंद झाला तो तुम्हाला कसा सांगू! तक्रार पुढे सरकली होती. म्हणजे रस्ता बरोबर होता.

दुसरा फोल्डर केला. तिसऱ्याचं नाव आलं, तोही केला. आजोबा आता पेपर टाकून माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"अगं, पण आत काहीच नसताना त्याला ते कशाला हवेत?"

"आपल्या मजल्यावरचा नळ आठवतोय? पहाटे रिकाम्या कळश्या रांगेत लावून आपण घरी येऊन चहा करायचो. रिकामी कळशी आहे म्हणून कुणी उचलून नेली तर?"

"मारामाऱ्या व्हायच्या!"

"तशा तुम्ही सर्व्हरच्या कळश्या उचलल्यात."

ते हळूच म्हणाले, "किती उचलल्या असतील गं मी?"

"ते तोच सांगतोय. एकेक करून."

जेवणाची वेळ टळून गेल्यावर तो एकदाचा सुरू झाला आणि सुरूच राहिला. पुस्तकं जागच्या जागी होती. मैत्रिणीला फोन केला, तर ती नुसती "उघडलं! उघडलं!" ओरडत होती. जेवणं व्हायच्या आत मी सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. ती अजून देव्हाऱ्याच्या खणात असते.

रविवारी सभेत सचिवांनी तीन-चार पुस्तकं विचारली. प्रत्येक वेळी पडद्यावर कपाट, खण आणि ते कपाट कुणाकडे जाणार त्यांचं नाव आलं. लोक माना डोलवत होते. पण सचिव मुरलेले.

"काकू, छान आहे. पण हे उद्या बंद पडलं तर? तुमचा मुलगा परदेशात. बघणार कोण?"

"कालच बंद पडलं होतं," मी म्हटलं. "मीच चालू केलं."

मागून आजोबांचा आवाज आला, "बंद मी पाडलं होतं. साक्षीला मीच आहे." सगळे हसले, सचिवही. टेम्पोवाल्याला त्यांनी तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मी बक्षिसं फार मिळवली नाहीत. ऑफिसात निरोपाला एक घड्याळ मिळालं, तेवढंच. पण त्या सभेतून जिना चढताना या वयात माझे गुडघे दुखले नाहीत, हे खरं आहे.

आता चाळीच्या जागी पत्रे ठोकले आहेत. आम्ही परळला राहतो. कपाटं आठ घरांत आहेत. कुणाला पुस्तक हवं असलं की मला फोन येतो, मी पडद्यावर बघून सांगते, आणि ज्याच्याकडे असेल तो ते आणून देतो. आजोबा कॉम्प्युटरला हात लावण्याआधी विचारतात. वाचनालयाची पाटी आमच्या दारामागे उभी आहे. वाचनालय चालू आहे.