पिल्लाला काय घालायचं

मांजराच्या पिल्लाला खायला काय घालायचं, हा आमच्या घरात धर्माचा प्रश्न झाला. खरं तर तो एका अंड्याचा प्रश्न होता. पण आमच्याकडे कुठलाही प्रश्न लहान राहतच नाही.

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या घरामागच्या बोळात एक मांजरी व्याली होती. ती गाडीखाली गेली. बाकीची पिल्लं कुठे गेली देव जाणे, हे एक करडं, मुठीएवढं, आमच्या कूलरच्या स्टँडखाली येऊन ओरडत बसलं. मी उचललं. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच, आणि आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यापासून दिवसभर मोबाइलवर ज्ञान घेत बसलेले. मला बाई बोलायला कोणीतरी हवंच होतं.

सगळे घालतात तशी मीही दूध-पोळी घातली. अधाशासारखं खायचं आणि लगेच पातळ शी करायचं. पोट तेवढं फुगलेलं, पायांच्या मात्र काड्या. शेवटी टोपलीत घालून रिक्षाने नानाखेड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात बघितले, पाठीचा कणा चाचपला.

"आंटी, ये दूध-रोटी आज से बंद. बिल्ली है, गाय का बछड़ा नहीं. बढ़ने की उम्र है, इसको मांस-अंडे वाला खाना ही चाहिए. छोटे बच्चों का दाना आता है पैकेट में, वो दो. नहीं तो उबला अंडा, उबला चिकन. नहीं दोगे तो बचेगी नहीं."

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, हम लोग तो शुद्ध शाकाहारी हैं."

"आप हैं," ते म्हणाले. "ये नहीं है."

येताना पाकीट घेऊन आले. ह्यांनी दारातच ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्यावर मासा आहे."

"चित्र आहे ते."

"मग आत काय आहे, भेंडी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा गाडी गाणं वाजवत आली, तेव्हा ह्यांनी स्वतः जाऊन ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत टाकलं. एरवी घरातला कचरा कधी उचललेला नाही! वर साबणाने हात धुतले आणि मला समजावलं, "तिला हवं तर तिने उंदीर धरावा. तो तिचा धर्म. आपण आणून द्यायचं नाही, हा आपला." मुठीएवढं ते पिल्लू. उंदीर त्यालाच उचलून घेऊन गेला असता.

मग ह्यांच्या मोबाइलने उपाय काढला. सोयाबीनच्या वड्या. "मांसापेक्षा जास्त प्रोटीन असतं, भिजवून घाल." घातल्या. पिल्लाने हुंगलं आणि पंजाने फरशी खरवडून वाटी झाकायला लागलं, मांजरं आपली घाण झाकतात ना, अगदी तसं. मला हसूही आलं आणि रडूही. पनीर घातलं, दही-भात घातला. चाटायचं थोडं. अंगाला काही लागायचं नाही.

मग मी संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने बाहेर पडायला लागले. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून एक उकडलेलं अंडं घ्यायचं, पर्समध्ये टाकायचं, आणि बोळाच्या टोकाला उभ्या गाड्यांच्या आड पिल्लाला भरवायचं. काय खायचं ते! गुरगुरत, डोळे मिटून. चार दिवसांत अंगावर चकाकी आली, शेपूट वर करून मागेमागे यायला लागलं. मी खूश.

पण हे उज्जैन आहे. समोरच्या भाभीने ह्यांना भर रस्त्यात विचारलं, "भाईसाहब, आजकल भाभीजी अंडे के ठेले पर दिखती हैं, सब ठीक तो है?"

घरात जो काही तमाशा झाला! "चार लोकांत नाक कापलंस माझं. मांजर हवं की घर, ते ठरव." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ह्या वयात जाणार कुठे होते मी? आणि त्या दिवसापासून ह्यांना संध्याकाळी माझ्याबरोबर भाजीला यायची हौस आली.

पिल्लाची चकाकी गेली. जिन्याची पायरी चढायला जायचं आणि मागचे पाय सुटायचे. मग चढणंच सोडलं. डॉक्टरांनी सुई दिली, खाण्याचं विचारलं नाही, समजले असणार. परत येताना रिक्षातच माझ्या मांडीवर गेलं.

हे म्हणाले, "एवढंच आयुष्य होतं त्याचं."

"आयुष्य नाही," मी म्हटलं, "अंडं कमी पडलं."

ह्यांनी मोबाइलचा आवाज वाढवला.

थंडीत हे बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. टाक्यांची जखम काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, अंगात प्रोटीनच नाही, अंड्याचा पांढरा भाग रोज द्या. मी मनात म्हटलं, बघू या आता, सोयाबीनच्या वड्या मागतात का.

ह्यांना विचार करायला एक रात्रही लागली नाही. "औषध म्हणून घ्यायचं," म्हणाले. "औषधाला दोष नसतो." समोरची भाभी स्वतः अंडी आणून देऊन गेली. "दवाई है भाभीजी, इसमें कैसा पाप." आता माझ्याच गॅसवर रोज अंडी उकडतात. त्यांचं पातेलं वेगळं ठेवलंय, धर्म म्हणून तेवढाच उरलाय. ह्यांची जखम भरत आली. चेहऱ्यावर तुकतुकी आलीय. बरं वाटतं बघून, खोटं कशाला बोलू. आणि बरं वाटलं की स्वतःचाच रागही येतो.

काल सकाळी पांढऱ्यावर मीठ-मिरपूड घालून हे निवांत खात होते. पिवळे बलक ताटलीत बाजूला काढलेले.

"हे रोज वाया जातं गं," म्हणाले. "ते पिल्लू असतं तर त्याला झालं असतं."

टोमणा नव्हता. अगदी मायेने म्हणाले, म्हणून तर जास्त लागलं. मी ताटली उचलली.

"असतं, तर तुम्ही घालू दिलं असतंत?"

"न द्यायला काय झालं?" हे म्हणाले. "एवढंसं तर होतं. असं कितीसं खाणार होतं ते?"